सातजणींची सहल आणि नाशिकचा फाल्गुन

(नाशिकहून आलेलं पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पत्र आटोपशीर केलं आहे.)

'माझं वय ३७. नोकरी करते, एक मुलगी आहे. शाळेपासूनच्या आम्ही सात मैत्रिणी, आणि आता सातही जणी नाशिकमध्येच आहोत. तरी वर्षातून दोनदा भेटलो तर खूप. दरवर्षी महाशिवरात्रीच्या सुमाराला थंडी ओसरली की ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "यंदा कुठेतरी जायचंच." मग मी कामाला लागते. तारखा विचारते, पोल टाकते, रिसॉर्टचे दर काढते. गोवा, महाबळेश्वर, दिवेआगर अशी नावं फिरतात. एकीच्या मुलाची दहावी असते, एकीच्या घरी द्राक्षांची तोडणी, एकीच्या सासूबाईंचे गुडघे. एकीला खर्च झेपत नाही, पण ती तसं न म्हणता नुसतं "बघते" म्हणते. पाडवा उलटतो, ऊन तापतं, विषय बारगळतो. गेल्या वर्षी तर दोघी आम्हाला न सांगता इगतपुरीला जाऊन आल्या आणि आम्हाला ते स्टेटसवरच्या फोटोंतून कळलं. तेव्हापासून मन उडालंय. दरवेळी मीच का? त्यांना गरजच नसेल तर ग्रुप सोडून द्यावा का? नवरा म्हणतो, आपणच सगळे जाऊ की, मैत्रिणी कशाला हव्यात? आणि खरं सांगायचं तर नाशिकमध्ये आहे तरी काय? मार्च लागला की बाहेर पडवत नाही. वसंत वगैरे पुस्तकात.'
— एक दमलेली संयोजक

प्रिय संयोजकबाई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचा गुंता तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं. वसंत नाशिकमध्येही येतो. फक्त सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ असतो. मार्चमध्ये तुमच्याकडे दुपारचा पारा पस्तिशीला टेकतो किंवा ओलांडतो, आणि पहाटे तोच पंधरा-सोळाच्या आसपास असतो. पहाटे स्कूटरवर स्वेटर घालून निघालेली बाई अकरा वाजता सावली शोधते, हा आपल्या पठारावरच्या फाल्गुनाचा स्वभावच आहे. तुम्ही आजवर जे बेत आखलेत ते दोन दिवसांचे, म्हणजे दोन दुपारींचे. त्या दुपारी कुठेतरी गारव्यात काढायच्या म्हणून रिसॉर्ट, रिसॉर्ट आलं म्हणून खर्च, खर्च आला म्हणून 'बघते'. बेतातून दुपार वगळून बघा, यातलं बरंच काही आपोआप गळून पडेल.

आता 'आहे तरी काय' याबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पेठ रस्त्यानं सकाळी कधी गेला आहात? वस्ती संपून सावळ घाटाकडे निघालं की पळस दिसायला लागतो. झाडावर पान नाही आणि झाड नखशिखांत नारिंगी. काटेसावर त्याच्याही आधीपासून फुललेली असते. तिची जाड पाकळ्यांची, वाटीएवढी फुलं मधानं भरलेली असतात आणि त्यांच्यावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पोपट, शिंजीर यांची सकाळभर भांडणं चालतात. समोर चटई टाकून अर्धा तास बसलात तरी पुरे. दुर्बीण नसली तरी अडत नाही, कारण पानगळ झालेली असल्यामुळे सगळा तमाशा उघड्यावर असतो. आणखी आठ-पंधरा दिवसांनी कुसुमाच्या झाडाला पालवी फुटते, ती इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटावीत. आपल्याकडे फुलं बघायला परदेशात जाणारी माणसं आहेत. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण त्यातल्या किती जणांनी पळसाखाली पाच मिनिटं गाडी थांबवली असेल, हे विचारावंसं वाटतं.

त्याच रस्त्यावर आशेवाडीजवळ रामशेज आहे. रमतगमत चढलात तरी पाऊण तासाचं काम. एवढासा किल्ला, पण संभाजी महाराजांच्या काळात १६८२ पासून पुढे काही वर्षं मुघलांच्या फौजांना त्यानं दाद दिली नाही. वर सावली नसल्यासारखीच, म्हणून सातच्या आत चढायला लागायचं आणि नऊला खाली. त्यानंतर मिसळ, हे नाशिककरांना सांगणं म्हणजे आगाऊपणा. मखमलाबाद आणि गंगापूर रोडच्या बाजूला मळ्यातल्या ज्या जागा आहेत तिथे नऊ-सव्वानऊला पोचलात तर निवांत बसायला मिळतं. दहानंतर रविवारी तिथे जी रांग लागते तिच्यात उभं राहून मैत्री वाढत नाही.

किल्ला नको असेल तर पांडवलेणी आहेतच, शहराच्या कडेला. पायथ्याला फाळके स्मारक, त्यामुळे जिला चढायचं नाही तिला खाली बसायला जागा. वरच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. लेणं दान दिल्याची नोंद आणि त्यात मुलाच्या पराक्रमाचं भरभरून केलेलं वर्णन. शाळेच्या सहलीत तुम्ही सातजणी तिथे डबा खाऊन परत आला असणार. आता आई झाल्यावर तो लेख वेगळा वाचला जाईल. लेणी कधी उघडतात ते आधी बघून ठेवा म्हणजे वर जाऊन दाराशी थांबायला नको.

आणि निफाडकडे नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथल्या बंधाऱ्याचं हे पाणथळ. २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात सर्वांत आधी. इथे मात्र उशीर करून चालत नाही. चक्रवाक आणि इतर हिवाळी पाहुणे मार्च सरता सरता उत्तरेकडे निघून जातात, म्हणून फेब्रुवारी किंवा फार तर मार्चचा पहिला आठवडा. चमचे, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या या पक्ष्यांची नावं आधी माहीत असण्याची गरज नाही. तिथली स्थानिक गाईड मुलं दाखवतात, आणि त्यांना दिलेले पैसे तुमच्या रिसॉर्टच्या एका नाश्त्याहून कमी असतील.

रंगाचं तर विचारूच नका. बऱ्याच ठिकाणी धुळवडीला रंग उधळतात, तुमच्याकडे होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. वर्षभर बुजवून ठेवलेल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे जमिनीतले हौद, त्या दिवशी उघडतात. शनी चौकातली, तिवंध्यातली, जुन्या तांबट लेनमधली, प्रत्येकीचा रंग ठरलेला. उड्या मारणाऱ्यांची गर्दी तुम्हाला झेपेलच असं नाही. पण तुमच्या सातजणींत एकीचं तरी माहेर किंवा मावशीचं घर जुन्या नाशकात असेल. त्या घराचा सज्जा हे त्या दिवशी शहरातलं सर्वांत चांगलं तिकीट आहे. पुढे चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हाही हाच सज्जा कामाला येतो.

एवढं सगळं सांगितलं ते पर्यटन खात्याची नोकरी करायची म्हणून नाही. तुम्ही गाव आणि मौज या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. गावात कामं असतात आणि मजा करायला बाहेर जायचं असतं, असं काहीसं. म्हणून भेटीचा बेत दरवेळी सहलीएवढा मोठा होतो, आणि सहल म्हटली की तारीख, गाडी, खोल्या, वर्गणी, घरच्यांची परवानगी. शिवाय तुमच्या मनात आणखी एक अट आहे, जी तुम्ही लिहिलेली नाही पण प्रत्येक ओळीत दिसते: सातही जणी हव्यात.

सातही का? शाळेत तरी सातजणी रोज होतात का एकत्र? एक आजारी असायची, एकीची शिकवणी, एक दुसरीवर रुसलेली. उरलेल्या चौघी लंगडी घालायच्याच. तेव्हा कोणी पोल टाकत नव्हतं आणि कोणी न आल्यामुळे मैत्री संपली असंही कोणाला वाटलं नाही.

त्यात तुम्ही निवडलेला मोसम बघा. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावी. नोकरीवाल्यांना मार्चअखेर. द्राक्षवाल्या घराला तर जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मान वर करायला फुरसत नसते, आणि माल गेला की लगेच एप्रिलची खरड छाटणी उभी. त्या मैत्रिणीनं या दिवसांत दोन दिवस घर सोडावं ही अपेक्षा म्हणजे गणपतीच्या आठवड्यात मूर्तिकाराला लग्नाला बोलावण्यासारखं आहे. ती 'जमणार नाही' म्हणते तेव्हा ती तुम्हाला नाकारत नसते. तुम्ही मात्र दरवर्षी सगळ्यांचे नकार मोजून त्यांची बेरीज 'यांना गरज नाही' अशी करता. मुक्कामाची सहल करायचीच असेल तर ती जुलै-ऑगस्टला न्या. द्राक्षांच्या दोन छाटण्यांच्या मधला काळ, परीक्षा नाहीत, आणि पावसात त्र्यंबकचा डोंगर बघायला बाहेरगावची माणसं तुमच्याकडे येतात. फाल्गुन-चैत्र हे मुक्कामाचे महिने नाहीत, सकाळचे आहेत.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं: विचारणं थांबवा, कळवायला लागा.

'कोणाकोणाला जमेल?' या प्रश्नावर सातजणी एकमेकींची वाट बघतात. त्याऐवजी गुरुवारी रात्री एवढंच लिहा: 'रविवारी सकाळी साडेसहा, पांडवलेणीचा पायथा. मी आहे. नऊला घरी परत.' खाली प्रश्नचिन्ह नको, 'प्लीज सांगा ना' नको, अंगठ्याच्या खुणाही मोजायच्या नाहीत. आली ती आली. पुन्हा पंधरा दिवसांनी तसंच. जागा बदलायची असेल तर बदला, पण वार आणि वेळ बदलू नका. माणसांना वेळ काढायला वेळ लागतो. दोन-तीन वेळा न आलेली मैत्रीण चौथ्या वेळी येते, कारण तोवर तिच्या घरात 'रविवारी सकाळी त्यांचं काहीतरी असतं' हे रुळलेलं असतं. ते रुळायच्या आत तुम्ही दरवर्षी बेत मोडलेला आहे.

एक खबरदारी घ्या. पहिल्यांदा कळवायच्या आधी एकीला, फक्त एकीला, फोन करून पक्कं करा. कोणाला, ते तुम्हाला पत्र लिहितानाच माहीत होतं. सातजणींत अशी एक असतेच जी 'चल' म्हटलं की चप्पल घालते. दोघी असल्या की बेत मोडत नाही, आणि एकटीनं पायथ्याशी उभं राहून फोनकडे बघत बसण्याची पाळी तुमच्यावर येत नाही. त्या अनुभवानं माणूस आणखी दमतो, आणि तुम्ही आधीच दमलेल्या आहात.

आता एकेकीचं. 'बघते' म्हणणारीसाठी सगळ्यांत सोपं: खर्चच ठेवू नका. घरून थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या किंवा धपाटे, खाली उतरल्यावर द्राक्षं. मिसळ कधीतरी, आणि तीही ज्याची त्यानं दिलेली. तिला बाजूला घेऊन 'तुझे मी भरते' म्हणू नका, कितीही प्रेमानं वाटलं तरी. गेली काही वर्षं ती 'बघते' या एका शब्दावर आपला मान सांभाळून आहे, तो तसाच राहू दे.

द्राक्षवालीला बोलावू नका, तिच्याकडे जा. तोडणीच्या दिवसांत सकाळी मळ्यात तिला गाठा, पण आधी विचारून, आणि पाहुण्या म्हणून चहापोह्याची अपेक्षा न ठेवता. माल भरण्याची घाई असेल तर क्रेटपाशी हात लावा. अर्धा तास थांबा आणि निघा. ती वर्षभर लक्षात ठेवील.

दहावीवालीला मोकळं सोडा. परीक्षा संपली की ती स्वतःच तुम्हाला शोधत येईल. तोवर तिला रोज ग्रुपवर फुलांचे फोटो टाकून जळवू नका. मात्र तिला वाटणारा अपराधीपणा हा एकूणच तुमच्या वयाच्या बायकांचा रोग आहे, त्याबद्दल एक वाक्य बोलायला हवं. आई सकाळचे अडीच तास बाहेर गेली म्हणून मुलाचं गणित बिघडत नाही. तो त्या वेळेत झोपलेला तरी असतो किंवा अभ्यास करत तरी असतो. दोन्हीत आई लागत नाही.

सासूबाईंचे गुडघे धरून बसलेल्या मैत्रिणीची अडचण खरी आहे, कारण तिची सकाळ औषधांची आणि आंघोळीची असते. तिच्यासाठी संध्याकाळ ठेवा. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरतो, तासाभराचं काम, भाजी घरी येते म्हणून घरातून निघायला निमित्तही लागत नाही. किंवा मग चैत्रगौर.

चैत्रगौरीवर थोडं थांबते, कारण तुमचा सगळा पोलांचा प्रश्न तिनं पूर्वीच सोडवून ठेवला आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभराची मुदत. त्यात जिला जो दिवस सोयीचा तो तिनं आपल्या घरी धरायचा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड. कोणी पाच मिनिटं येतं, कोणी दोन तास बसतं. एक तारीख सगळ्यांना जमावी असा आग्रहच त्यात नाही. सासूबाई खुर्चीत बसून आलेल्या-गेलेल्यांची चौकशी करतात, त्यांचीही संध्याकाळ बरी जाते. मी यात एकच बदल सुचवीन. तुमच्यात कोणी नवरा गमावलेली असेल, कोणी वेगळी राहत असेल, कोणी लग्न न केलेली असेल, तर हळदीकुंकू हा भाग सरळ वगळा आणि डाळ-पन्ह्याला बोलावा. एकीला दारात क्षणभर जरी अडखळायला झालं, तर त्या पन्ह्याला काही चव नाही. गच्ची असेल तर गच्चीवर बसा. चैत्रातल्या संध्याकाळी नाशिकला वारा असतो.

आता इगतपुरी. तुम्हाला लागलं, ते योग्यच लागलं. सातजणींचा बेत शिजत असताना दोघींनी गुपचूप जाऊन येणं आणि वर फोटो लावणं हे बरं वागणं नाही, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण त्या का गेल्या असतील याचा विचार मात्र करा. कदाचित त्यांनाही तेच हवं होतं जे तुम्हाला हवं आहे, आणि सातजणींचं जुळेपर्यंत ऊन डोक्यावर येणार हे त्यांना दिसत होतं. सांगितलं असतं तर पुन्हा पोल, पुन्हा तारखा. न सांगण्यात भित्रेपणा होता, दुष्टावा असेलच असं नाही. दुसरी शक्यताही आहे. त्या दोघींना खरोखरच फक्त एकमेकींबरोबर जायचं असेल. सातजणींच्या मैत्रीत दोघींची वेगळी मैत्री असू शकते. तुमचीही कोणाशी तरी असेलच.

हे बोलून मोकळं व्हायचं असेल तर ग्रुपवर नको. दोघींना एकत्र बसवूनही नको, तो खटला होतो. दोघींतली जी तुम्हाला जास्त जवळची तिला एकदा सरळ सांगा: 'फोटो बघून मला वाईट वाटलं. सांगितलं असतंत तर मी आले नसते कदाचित, पण वाईट वाटलं नसतं.' एवढंच. ती काही स्पष्टीकरण देईल, ते ऐकून घ्या, तपासू नका. बोलायचं नसेल तर न बोलताही चालेल, पण मग दर फाल्गुनात ते मनात उगाळायचं नाही. एक वर्ष पुरे झालं.

ग्रुप सोडावा का, या प्रश्नाला माझं उत्तर 'नको' असं आहे, पण भावनेपोटी नाही. ग्रुप सोडल्यानं तुमचा त्रास जाणार नाही, कारण त्रास ग्रुपचा नाही, हिशेबाचा आहे. सोडलात की कारण विचारणारे सहा फोन येतील, किंवा येणार नाहीत, आणि दोन्हीचा तुम्ही हिशेब ठेवाल. त्यापेक्षा ग्रुप आवाज बंद करून ठेवा आणि गुरुवारच्या त्या एका निरोपासाठी उघडा.

'दरवेळी मीच का' हे मात्र मी सहज झटकणार नाही. आपल्याकडे अशी एक बाई प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक ग्रुपमध्ये असते, आणि तिचं काम दिसत नाही म्हणून तिला कोणी थँक्यू म्हणत नाही. पाळीपाळीनं संयोजन करण्याचा सल्ला सगळे देतात, तो चालत नाही. दुसऱ्याच पाळीला गाडी अडते. त्याऐवजी कामाचं ओझंच कमी करा. खोल्या नाहीत, वर्गणी नाही, पोल नाहीत. उरलं काय? दर पंधरवड्याला एक ओळ. तेवढ्याचाही कंटाळा आला असेल तर तो संयोजनाचा कंटाळा नाही, मैत्रिणींचा आहे, आणि तसं असायलाही हरकत नाही. मग एकटीनं जा, किंवा सोसायटीतल्या ज्या बाई रोज पहाटे बूट घालून निघताना दिसतात त्यांच्याबरोबर जा. मैत्री फक्त दहावीच्या आधीच होते असा काही नियम नाही. पण पत्रावरून मला तरी वाटत नाही की तुम्हाला मैत्रिणींचा कंटाळा आलाय.

तुमच्या यजमानांचं म्हणणं चांगल्या मनानं आलेलं आहे, त्यावर चिडू नका. घरच्यांबरोबर जरूर जा. फक्त घरच्यांच्या सहलीत बाटली कोणाकडे आहे, टोपी कोणाची राहिली, भूक कोणाला लागली हे बघायचं काम तुमच्याकडेच येतं. मैत्रिणींबरोबर तुम्ही त्यातल्या कोणाच्याच आई नसता. हे त्यांना वादात सांगून पटणार नाही. दोन-तीन रविवारी तुम्ही नऊ वाजता हसत घरी आलात की पटेल. महिन्यातली एक सकाळ मुलांना घेऊन ठेवा, सात घरांतली मुलं एकत्र आली की रामशेजवर ती तुमच्या पुढेच असतील. बाकीच्या सकाळी मात्र मुलं नकोत, आणि त्याबद्दल माफीही नको.

बाहेर पडताना या दिवसांतल्या दोन-तीन गोष्टी सांभाळायला हव्यात, त्या नाशिकबाहेरच्या वाचकांनाही लागू आहेत. लेणी, कडे आणि उंच झाडं यांवर आग्या मधमाश्यांची मोहोळं असतात. उग्र अत्तर लावून जाऊ नका, आरडाओरडा नको, धूर तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर हातवारे करत उभं राहायचं नाही, ओढणीनं तोंड-डोकं झाकून लांब पळायचं. डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका काडीनं वणवा लागतो आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी जळतात, म्हणून चूल नाही, सिगारेट नाही. पेठ-सुरगाण्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं खाली पडलेली दिसली, तर ती कोणाच्या तरी घरची कमाई आहे. फोटो काढा, ओंजळी भरू नका. पळसाचा रंग करायचा असेल तर खाली पडलेली फुलं गोळा करून रात्रभर गरम पाण्यात भिजत घाला, फांदी मोडायची गरज पडत नाही. पाणी प्रत्येकीनं आपापलं, निदान लिटरभर. दहाच्या पुढे उघड्या माळावर थांबायचं नाही, कितीही गप्पा रंगल्या तरी.

आणि हे पत्र पुण्यात, कोल्हापुरात किंवा नागपुरात वाचणाऱ्यांनी नाशिकची नावं खोडून आपली घालावीत. प्रत्येक गावाला एक टेकडी असते, एक तळं असतं, जुन्या गावात कोणाचा तरी सज्जा असतो. विदर्भातल्यांनी वेळ आणखी तासभर अलीकडे घ्यावी. कोकणातल्यांना शिमग्यात कोणी बोलवावं लागत नाही, त्यांना हे सदर वाचायलाही त्या दिवसांत सवड नसेल.

तुमच्यासाठी शेवटचं. फोटो काढा, पण ते स्टेटसवर टाकू नका, ग्रुपवर टाका, आणि खाली पुढच्या वेळची जागा-वेळ लिहा. पहिल्या रविवारी दोघीच असाल, तर फोटोत दोघीच दिसू देत. 'आम्ही दोघीच आलो, बाकीच्या कुठे?' असा मजकूर कितीही जिभेवर आला तरी लिहू नका. आणि पुढेमागे त्या दोघी आल्या तर चढताना दम लागेपर्यंत तरी इगतपुरीचं नाव काढू नका.